कॅपखालचा दात

कॅप निघाली हे आम्हाला घरीच कळलं होतं. तिच्याखाली दात उरलेला नाही, हे दवाखान्यात कळलं.

तीळगुळाची कडक गजक खाताना निघाली असती तर मी यांच्या नावाने शंख केला असता. पण निघाली ती वरण आणि गुरगुट्या भात खाताना. यांनी घासातून काहीतरी बाहेर काढलं आणि म्हणाले, "अगं, भातात खडा आला वाटतं." खडा कसला डोंबलाचा! दाढेवरची चांगली चकचकीत कॅप होती. दुखत काहीच नव्हतं, म्हणून आम्ही दोघं हसलोसुद्धा. उद्या सिटी सेंटर भागातल्या दवाखान्यात जाऊ, चिकटवून आणू, संपलं.

दाताच्या डॉक्टर एरवी फार बोलक्या बाई. एक्स-रे त्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाल्या, "आंटी, नीचे सब गल गया है. किसी और का होता तो निकाल देती. अंकल का निकाल नहीं सकते."

ज्यांच्या घरी तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस आहे त्यांना यातली मेख कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. यांना तंबाखूने गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, त्यावर रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. त्या किरणांनी रोग जाळला, आणि त्या बाजूच्या जबड्याचा रक्तपुरवठाही आटवला. अशा हाडातला दात उपटला तर जखम भरून येईलच असं नाही. हाड उघडं पडतं, सडतं. त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. शब्द तोंडात बसायला मला बरेच दिवस लागले, अर्थ मात्र लगेच कळला. कॅन्सर गेला तरी जबडा जाऊ शकतो.

शेकाने लाळही सुकली. लाळ नसली की दात किडतात. तशी यांची एक दाढ किडली, म्हणून रूट कॅनाल केलं, म्हणजे आतली नस काढून पोकळी भरली, आणि वर कॅप बसवली. दाढ वाचली म्हणून मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

ही कॅप रेझिन सिमेंटने चिकटवतात. दाताच्या वरच्या कडक कवचाखाली एक ओलसर थर असतो, डेंटिन. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात. सिमेंट त्या थरात थोडंसं शिरून घट्ट होतं. कवचावर पकड चांगली बसते, डेंटिनवर अवघड. शिवाय ती म्हातारी होते. तोंडातला ओलावा, रोजचं चावणं यांनी हळूहळू ढिली पडते. कडेला फट पडते, फटीतून कीड आत जाते. नस आधीच काढलेली, त्यामुळे ठणका नाही. आम्ही समजत होतो, दुखत नाही म्हणजे सगळं झकास आहे.

तपासताना डॉक्टर एकदम थांबल्या. "अंकल, मुँह में कुछ है क्या?"

यांनी गालातून लवंग काढली. मोठ्या ऐटीत म्हणाले, "लौंग. जब से तंबाकू छोड़ी, यही रखता हूँ."

ऐट असणारच. शेकाची तोंडातली जखम भरली आणि यांना तंबाखूची तलफ परत छळायला लागली, तेव्हापासून यांनी लवंग धरली. आमच्या मराठी घरांत जेवणानंतर लवंग-वेलचीचं तबक फिरतंच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट आमच्या वस्तीत, हरिशंकरपुरममध्ये, भेटेल तो कौतुक करायचा. कॅप बसवायच्या वेळी कोणती औषधं चालू आहेत असं विचारलं होतं, तेव्हा यांनी बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं. लवंगेला औषध कोण म्हणतं?

डॉक्टरांनी सांगितलं, लवंगेत युजेनॉल असतं. दाताला ते लागलेलं असेल तर रेझिन पुरतं घट्ट होत नाही. हे लवंग ठेवायचे त्याच बाजूला, आणि कॅप बसण्याआधीचे दिवस वर कच्ची, तात्पुरती कॅप होती; तिच्या कडेने ते आत झिरपलं असेल.

ज्या लवंगेने तंबाखू सोडवली, तिनेच घात केला?

आमची लेक नेहा सोबत होती. ती म्हणाली, "आई, लवंग कौन बताता है यार? बाबांची काय गलती आहे यात?"

"गलती पता नहीं किसकी है," डॉक्टर म्हणाल्या. "लौंग से हुआ, रेडिएशन से हुआ, या जोड़ पुराना हो गया, कोई पक्का नहीं बता सकता. पूछना मुझे चाहिए था." त्यांनी असं म्हटल्यावर माझा राग ओसरला नाही, पण कुणावर काढावा तेच कळेना.

पुढे मोठ्या हॉस्पिटलात जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. तिथल्या बाकावर आमच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांचा खालचा अर्धा जबडा काढलेला होता, नाकात नळी. हे त्यांच्याकडे बघत राहिले, मग मला हळूच म्हणाले, "माझंही असंच होणार का?" मी म्हटलं, "गप्प बसा हो, काहीतरीच." आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जिन्यात जाऊन रडले. मला फार भीती वाटत होती.

सर्जन म्हणाले, उपटायचं नाही. दात हिरडीपर्यंत कापायचा, मूळ हाडातच राहू द्यायचं आणि वरून सील करायचं. चावायला दाढ नाही, पण हाडाला धक्का नाही.

सील करण्याआधी काही दिवस लवंग बंद ठेवायला सांगितली. ते दिवस मी विसरणार नाही. हे घरात येरझारा घालायचे, भाजी आणायला म्हणून निघायचे, आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. पानाची टपरी कोपऱ्यावरच आहे.

सील आमच्या दाताच्या डॉक्टरांनीच केलं. यांनी विचारलं, "कितने दिन चलेगा?"

"मालूम नहीं, अंकल. यह भी उसी डेंटिन पर टिका है. दिखाते रहिए." खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्या बाईंची ऋणी आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर दुखत नसलं तरी जा. तोंडात जे जे ठेवता ते सगळं सांगा, लवंग, सुपारी, बडीशेप, अगदी हसतील असंही. आणि जोड कायमचा असतो असं धरून चालू नका. मी आता धरत नाही.

यांनी लवंग परत धरली नाही. तिच्या जागी काहीच नाही, आणि पानाची टपरी कोपऱ्यावर अजून आहेच. रोज सकाळी चहाआधी मी टॉर्च घेते. लग्न झाल्यापासून तंबाखूचा वास येऊ नये म्हणून तोंड फिरवून बोलणारा हा माणूस आता न सांगता समोर बसतो आणि उघडेल तेवढं तोंड उघडतो. मी दोन गोष्टी बघते. एक, मुळावरचं पांढरं बूच जागेवर आहे ना. दुसरी काय, ते मी कधी बोलले नाही. पण बूच बघून झालं की हे आपणहून जीभ उचलतात, गाल बोटाने बाजूला ओढतात, आणि मी "ठीक आहे" म्हणेपर्यंत तसेच बसून राहतात.