पंचवीस तासांचं वेळापत्रक

आमच्या धाकटीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी जेवतानासुद्धा हिचं बूड एका जागी टिकायचं नाही. आता चाळिशी उलटली, स्वयंपाकघरातच बेकरी थाटली, तरी तेच. पाव, बन, केक, आणि सकाळपासून नुसती ओट्यापासून दारापर्यंत धावपळ.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, मनगटातली नस दबलीय, आठवड्याला पंचवीस तासांच्या वर काम नको, नाहीतर बोटांतली जाणीव गेली ती गेलीच. भिंगरीने मान डोलावली आणि घरी येऊन फ्रीजवर वेळापत्रक चिकटवलं. मंगळवार ते शनिवार, रोज पाच तास. पाचा पाचा पंचवीस! डॉक्टरीणबाई खूश, मेहुणेही खूश.

पण बधिरपणा काही हटेना. उलट वाढला. मग मीच आठवडाभर राहायला गेले. मी हिची थोरली बहीण, शाळेत वेळापत्रकं लावण्यात उभा जन्म गेलेली. मला कोण फसवणार?

मंगळवारी सकाळी सहाला बाईसाहेब पीठ मळायला उभ्या. सातला पातेल्यावर ओला फडका टाकला, फ्रीजवरच्या कागदावर पेन्सिलने 'एक' लिहिलं. मला वाटलं, आता बसेल. छे! ट्रे घासायला काढले. मग खोकी दुमडली. दर अर्ध्या तासाने फडका उचलून पिठाला घड्या घातल्या. मधेच फोन खांद्यात धरून रोज पाव नेणाऱ्या दुकानवाल्याची ऑर्डर घेतली.

"अगं, बस की जरा!"

"बसलेच आहे ना ताई. पीठ फुगतंय. ते फुगेपर्यंत मी रिकामीच."

"आणि हे ट्रे कोण घासतंय? मी?"

"ते काय काम आहे होय? आपला हात चालू ठेवायचा म्हणून."

माझं डोकंच फिरलं. ही बया फक्त मळायचे आणि भाजायचे तास मोजत होती! बाकी सगळं हिच्या लेखी रिकामपण. मीही हट्टाला पेटले. घड्याळ समोर ठेवून दिवसभर वहीत मिनिटं टिपली. शनिवारी दुपारपर्यंत बेरीज झाली अठ्ठावन्न तास.

वही तिच्या नाकासमोर धरली. "मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत आहे तुझी. त्या नसेला कळतं का, पीठ फुगतंय म्हणून?"

ती आधी हसली. मग खाली बघत म्हणाली, "मला बसवतच नाही गं ताई. जरा बसले की छातीत धडधडतं. वाटतं, कुठेतरी काहीतरी करपतंय."

मला एकदम भडभडून आलं. तिला जवळ घ्यावं की दोन ठेवून द्याव्यात, कळेना. "दुकानवाल्याला सांग, रोजचे पाव जमणार नाहीत," मी म्हटलं.

"सांगते. सोमवारी सांगते, शप्पथ!"

तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली आणि ती उठलीच. फडका दुमडून तिने ट्रे बाहेर ओढला, ओट्याकडे निघाली, आणि मी किंचाळले. फडका सरकला होता. तर्जनी ट्रेच्या उघड्या कडेवर टेकलेली होती. बाई मात्र रमतगमत ओट्यापर्यंत गेली, ट्रे नीट ठेवला आणि माझ्याकडे वळली. "काय झालं गं?"

मी तिचा हात धरून उलटा केला. बोटाची कातडी पांढरी पडून टम्म फुगली होती.

"अगं, किती भाजलंय!"

"काही नाही गं, दुखतसुद्धा नाहीये," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली. चेहऱ्यावरचा रंग उडाला.

मी तिला नळाशी ओढलं, नळ पूर्ण सोडला, बोट धारेखाली धरलं. बराच वेळ ती त्या धारेकडे बघत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पाणी गार आहे का गं?"