उणे वीस अंशांतला सडा

ज्याने कुवेतच्या वाळूला ऊन दिले आणि त्याच वाळूवरच्या एका गोदामाला आपला खासगी हिमालय दिला, त्या परमेश्वराला आधी हात जोडतो. आणि मग सज्जनहो, तुम्हां सर्वांना घेऊन काशिनाथ मेस्त्रींच्या दारी येतो. दार साधे नाही. वीतभर जाड आहे, लोखंडी आहे, आणि त्याच्या आत उणे वीस अंश आहेत. बाहेर मीना अब्दुल्ला या बंदराकाठच्या वसाहतीतल्या रस्त्यावर डांबर पातळ होऊन चपलेला चिकटते आहे. आत एक कोकणी सुतार कानटोपी, दोन स्वेटर आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, ऐन भाद्रपदात, जमिनीवरचा बर्फ खरवडतो आहे.

तुम्ही विचाराल, सुतार आणि बर्फ? हाच प्रश्न काशिनाथ मेस्त्रींनी देवाला दहा वर्षे विचारला.

ते कुवेतला आले एकोणीसशे ब्याण्णव साली. लढाई संपली होती, घरे नव्याने उभी राहत होती, आणि दारे-खिडक्यांना हात हवे होते. कुडाळजवळच्या आपल्या गावाहून मेस्त्री निघाले ते वडिलांची हत्यारे घेऊन: पटाशी, रंधा, वाकस, लाकडी हातोडा. पत्नी रत्नमालेच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ती त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. पण ते पोचेपर्यंत कंपनीच्या सुतारखान्यातल्या जागा भरून गेल्या. त्याच आठवड्यात कंपनीच्या शीतगोदामात दोन माणसे घसरून पडली. गोदामाचे व्यवस्थापक यूसुफसाहेब, इजिप्तचे, देहाने भव्य आणि आवाजाने त्याहून भव्य, यांनी ट्रंकेतली पटाशी पाहिली आणि कामगारांच्या कॅम्पात चालणाऱ्या हिंदीत म्हणाले, "इससे बरफ निकलेगा. चार दिन करो."

त्या चार दिवसांची दहा वर्षे झाली.

त्या बर्फाचे मूळ समुद्रात होते. दार उघडले, की समुद्रावरची दमट हवा आत शिरे आणि पंख्यांवर गोठून बसे. मग तिचा भुगा भुरुभुरु खाली पडे, पायांखाली दाबला जाई आणि त्याची काच होई. त्या काचेवरून ट्रॉली घसरे, माणूस घसरे, कोंबड्यांची खोकी घसरत. दुसरे कामगार पहार घेऊन तिच्यावर तुटून पडत, आणि बर्फापेक्षा जमीनच जास्त फोडत. मेस्त्री गुडघ्यावर बसत. बोटाने ठोकत. कान लावत. बर्फालाही रेषा असते, ती सापडली की पटाशी अलगद टेकवत, हातोड्याचा एकच ठोका घालत, आणि ताटाएवढा तुकडा अखंड उचलून येई. वडिलांनी फणसाच्या लाकडासाठी शिकवलेली विद्या मुलाने पाण्यावर चालवली. दहा वर्षांत त्या गोदामात एकाचेही हाड मोडले नाही.

आणि हेच त्यांचे दुर्दैव ठरले. दर वर्षी मेस्त्री सुतारखान्यात बदलीचा अर्ज घेऊन जात. दर वर्षी यूसुफसाहेब उठून त्यांना मिठी मारत आणि म्हणत, "काशी, तू गया तो बरफ कौन निकालेगा?" अर्ज खणात जाई, काशी बर्फात जाई. वाईट काम करावे तर नोकरी जाईल, चांगले करावे तर बदली जाईल! माणसाला शिक्षा पुष्कळ मिळतात, पण मिठीत घेऊन दिलेल्या शिक्षेविरुद्ध तक्रार कुठे करायची?

एकदा त्यांनी गावी फोटो पाठवला. डोक्यावर केसाळ टोपी, मिशीवर बर्फ, मागे पांढरे डोंगर. डोंगर म्हणजे मटारची पोती. शुक्रवारी फोन लागला.

"खरा सांगा," रत्नमालावहिनी म्हणाल्या, "तुमी खंय आसात?"

"कुवेतात."

"मगे ह्यो बरफ खंयचो?"

"गोदामातलो. मीच काढतंय तो."

"तुमी बरफ काढतास? मगे थंय सुताराचा काम कोण करता?"

मेस्त्रींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका खोलीत मेस्त्री धरून आम्ही सहा जण राहत होतो. त्या दिवशी जेवताना त्यांनी आपणहून एवढेच सांगितले, "बापाशीची पटाशी ती. धा वर्सां झाली, तिणा लाकूड बघूक नाय." आणि भाताचा घास तसाच ताटात ठेवला.

पण देवाच्या घरी अर्ज खणात पडून राहत नाहीत. दोन हजार दोन साली सुतारखान्यातला एक म्हातारा कारागीर कायमचा मायदेशी गेला. तिथले फोरमन रविकांतराव, मूळचे परभणीचे, त्यांनी मेस्त्रींचे नाव घेऊन माणूस मागितला. यूसुफसाहेब आठवडाभर कण्हले. मग त्यांनी मेस्त्रींना बोलावले.

"मंगलवार को अरबाब खुद आएगा. तीन साल के बाद. जमीन सूखी होगी, कोई नहीं गिरेगा, तो मैं उसी दिन तेरे कागज पर साइन करेगा. एक आदमी गिरा, तो काशी, तू बुड्ढा होने तक इधर."

अरबाब म्हणजे कंपनीचे म्हातारे मालक. मेस्त्रींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. मंगळवारी दसरा होता! हत्यारांच्या पूजेचा दिवस, आणि त्याच दिवशी हत्यारांची सुटका! एवढा ढळढळीत संकेत दिसल्यावर कोणाच्या भक्तीला पूर येणार नाही?

सोमवारी मेस्त्रींनी गोदाम असे कोरडे केले, की देवघराच्या फरशीने लाजावे. मंगळवारी पहाटे कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर लुगड्यातली हत्यारे होती, शेजारी पिशवीत झेंडूची फुले, हळदकुंकू, नारळ आणि तांब्याचा तांब्या. यंदा पूजा खोलीवर करायची नाही; ज्या दारातून बाहेर पडायचे, त्याच दारात करायची. बर्फाची खरवडणीसुद्धा त्यांनी पूजेत मांडली. "तिणाय साथ दिली मा," ते म्हणाले.

त्यांनी गोदामाचे दार उघडे ठेवले. उंबरठ्यावर कुंकवाचे बोट लावले. हत्यारांना झेंडू वाहिले. मन भरून आले, डोळे मिटले. डोळ्यांपुढे गावचे अंगण उभे राहिले. दसऱ्याच्या पहाटे त्या अंगणात काय व्हायला हवे, ते हातांना पुरते ठाऊक होते. हातांनी तांब्या उचलला. मनगटाला तो जुना, गोड झटका दिला. आणि उंबरठ्यापासून आत, दहा-बारा हात लांब, ऐसपैस, मंगल असा सडा घातला.

चट् चट् चट् असा आवाज आला.

मेस्त्रींनी डोळे उघडले. दहा वर्षे ज्या माणसाने प्रत्येकाला सांगितले, की बाबांनो, इथे पाणी म्हणजे वैरी, त्याच माणसाने वैऱ्याला तांब्यात भरून, फुले वाहून, हाताला धरून आत आणले होते! जमिनीवर टपोऱ्या थेंबांची काच झाली होती. तिच्यावर ट्यूबलाइट झळकत होती. दृश्य फार सुंदर होते.

"महबूबा! मी काय केलंय रे ह्या!"

महबूब म्हणजे श्रीवर्धनचा. गोदामातली फोर्कलिफ्ट चालवी आणि मेस्त्रींची फिरकी घेणे हे आपले दुसरे काम समजे. तो धावत आला, पाहून जागीच थबकला.

"मेस्त्री, तुम्ही पाणी ओतलंत? तुम्ही? परवा माझ्या बाटलीतला एक थेंब सांडला, तर अर्धा तास भाषण दिलंत!"

"पाणी नाय रे तां. सडो तो!"

"सडा असो का सरबत, इथं सगळ्याचा बर्फच होतो ओ. मीठ टाकू?"

"एवढ्या थंडीत मिठाक पण हुडहुडी भरता. रव थंय."

पण महबूबचे प्रेम थांबणारे नव्हते. मेस्त्री खरवडणी आणायला वळले, तेवढ्यात तो कॅन्टीनमधून चहाचे उकळते पाणी बादलीभर घेऊन आला आणि "बिस्मिल्ला" म्हणून त्याने ते सड्यावर ओतले. मोठी वाफ उठली. वाफ विरली तेव्हा थेंब गेले होते. त्यांच्या जागी दहा-बारा हातांचा सलग, गुळगुळीत, निर्मळ आरसा होता. दोघांनी त्यात वाकून पाहिले; दोघांची तोंडे स्वच्छ दिसली.

"आता बोलू नका काही," महबूब म्हणाला. "मीच बोलतो. गाढव आहे मी."

सात वाजले होते. अरबाब नऊला येणार होते. असा पातळ, जमिनीला घट्ट धरून बसलेला बर्फ सोडवायला मेस्त्रींना दोन दिवस लागले असते. रेषा शोधायला त्यात जाडीच नव्हती. ते पूजेपुढे जाऊन बसले. कोणी म्हणेल, रडायला बसले. नाही! सुतार लाकडापुढे बसतो तसे बसले. बर्फ निघत नाही, ठीक आहे. पण न काढता त्याच्यावरून माणूस नेता येईल काय? त्यांनी कुंकू लावलेली पटाशी उचलली, कपाळाला लावली आणि आरशावर पहिली आडवी खाच घातली. मग दुसरी. मग तिरपी, मग तिला छेदणारी उलट तिरपी. जिन्याच्या पायरीवर पाय घसरू नये म्हणून वडील घालत असत तशी. ठक् ठक्, ठक् ठक्. ना टाळ, ना मृदंग, पण लय अशी लागली, की महबूब फोर्कलिफ्ट बंद करून ऐकत उभा राहिला. पावणेनऊला दारापासून आतपर्यंत, दोन माणसे शेजारी चालतील एवढी, चौकटी-चौकटींची एक पायवाट तयार झाली. कडेचा हातभर पट्टा मात्र राहिला. तिथपर्यंत पटाशी पोचली नाही, घड्याळ पोचले.

"कोणी विचारलं तर पाइप गळला म्हणून सांगायचं," महबूब कुजबुजला. "पाइप काय उठून बोलणार नाही. तुमचा कागद वाचेल."

"दसऱ्याच्या दिवशी? हत्यारां समोर मांडलीसत, महबूबा."

"मग मी सांगतो. माझी फोर्कलिफ्ट कुठं मांडलीय पूजेत?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. अरबाब आले: सत्तरीचे, बारीक, पांढऱ्या झग्यावर मेंढीच्या कातड्याचा जाड कोट, पायांत साध्या चपला. तरुणपणी खजुराच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले असल्याने हिंदी उत्तम बोलत. त्यांनी फुलांकडे पाहिले, मान डोलावली आणि पाऊल आत टाकले. चप्पल खाचेत बसली. दुसरे पाऊल. तिसरे. म्हातारबाबा रविवारच्या फेरफटक्यासारखे चालत गेले! मेस्त्रींच्या ओठांवर नामस्मरण, महबूबच्या ओठांवर दुआ, दोन्ही एकाच वेगाने.

आणि मालकांना वाट मोकळी करून द्यावी म्हणून यूसुफसाहेब अदबीने बाजूला सरकले. त्या हातभर पट्ट्यावर.

काय सांगू! साहेबांचे दोन्ही नवे बूट आकाशात गेले, तो भव्य देह जमिनीवर बसला, आणि बसल्या आसनी सहा हात वाहत जाऊन बरोबर मालकांच्या पायांशी थांबला. असा नमस्कार अरबाबांना उभ्या आयुष्यात कोणी केला नसेल.

"पानी!" साहेब खालूनच गरजले. "पानी किधर से आया?"

"साब, वो पाइप..." महबूबने सुरुवात केली.

मेस्त्री पुढे झाले. एका शब्दाने कागद वाचत होता, एका शब्दाने जात होता. त्यांनी कानटोपी काढून हातात धरली.

"पाइप नहीं, अरबाब. मैंने डाला."

"तुमने? फ्रीजर में? पानी?"

"आज पूजा का दिन है. हमारे गाँव में सुबह दरवाजे पर पानी छिडकते हैं. हाथ को आदत है. हाथ भूल गया, किधर है."

अरबाब त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, मग दाढी, आणि मग ते खोकला येईपर्यंत हसले. "मेरी माँ भी छिडकती थी आँगन में, धूल बैठने के लिए," ते म्हणाले. "लेकिन वो फ्रीजर नहीं था, भाई!" आणि खाली पाहत, "यूसुफ, जो आदमी फ्रीजर में पानी डालता है, उसको फ्रीजर में किसने रखा? निकालो इसको यहाँ से."

दहा वर्षे, आणि शेवट असा! महबूबने त्यांचा दंड धरला.

पण म्हातारबाबा अजून खालीच पाहत होते. त्यांनी चपलेच्या टोकाने एक चौकट चाचपली, मग दुसरी. "ये किसने काटा?"

"इसीने, अरबाब," महबूब म्हणाला. "सुतार है. दस साल से बरफ काट रहा है."

"सुतार!" अरबाबांनी यूसुफसाहेबांकडे अशी नजर टाकली, की उणे विसाचे उणे तीस झाले. "इसको लकडी दो. आज ही."

यूसुफसाहेबांनी कागदावर सही त्याच दिवशी केली. दिल्या शब्दाचा माणूस. फक्त बसता येत नव्हते म्हणून उभ्याने केली. मेस्त्रींना त्यांनी नेहमीसारखी मिठी मारली, आणि मिठीतच कळवळून विचारले, "काशी, अब बरफ कौन निकालेगा?"

"महबूब, साब," मेस्त्री गंभीरपणे म्हणाले. "उसको गरम पानी का अच्छा अभ्यास है."

शनिवारी सकाळी मेस्त्री सुतारखान्यात रुजू झाले. रविकांतरावांनी त्यांच्यापुढे देवदाराची एक फळी टाकली; बनेद अल-गार भागातल्या कुठल्याशा घराचा दरवाजा करायचा होता. मेस्त्रींनी रंधा काढला, पाते पारखले आणि पहिला लांब हात मारला. फळीतून साल वर आली: पातळ, पिवळसर, गोल गोल वळत जाणारी. त्यांनी ती उचलली, नाकाशी धरली, आणि तसेच उभे राहिले. गोठलेल्या जगात वास नसतो, सज्जनहो. मासा असो, मांस असो, मटार असो, तिथे सगळे मुके असते.

"ओ मेस्त्री," करवतीच्या यंत्राच्या आवाजावर आवाज चढवत रविकांतराव ओरडले, "दरवाजा करायलाव का अत्तर? उरका की जरा!"

"दोन मिनटां थांबा, रविकांतराव. नाक धा वर्सां उपाशी आसा."

रविकांतरावांनी पाहिले. मग हात लांब करून त्यांनी करवतीचे यंत्र बंद केले.