पांढऱ्या टॉवेलवरचे चंदेरी कण

आमच्या लॉन्ड्रीत तिला सगळे वाफबाई म्हणत. इस्त्र्यांना वाफ पुरवणारे बॉयलर तिच्या ताब्यात. दर महिन्याला ती ते उलट्या बाजूने पाणी सोडून धुवायची आणि बाहेर पडणारं पाणी पांढऱ्या टॉवेलमधून गाळायची. आत काय साठलंय ते टॉवेलवर दिसतं, असं तिचं म्हणणं. माणसांच्या बाबतीत मात्र ती एवढी चौकस नव्हती. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, माझी गाडी ठणठणीत आहे, डोळे झाकून घे." हिने खरंच डोळे झाकून घेतली.

गाडी हवी होती आईसाठी. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं. पण पहिल्याच हिवाळ्यात हीटरमधून गार वारा यायला लागला. म्हातारी दोन शाली आणि वर ब्लँकेट घेऊन कुडकुडत बसायची. भावाचं स्वतःचं गॅरेज, पण फोन केला की "बघू गं पुढच्या आठवड्यात," आणि वर ताकीद, "तू उघडू नकोस हां, नसता उद्योग होईल." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मी तोंडाळ आहे, पण अक्कल उशिरा येते.

शेवटी एका शनिवारी सकाळी ती मला म्हणाली, "बॉयलरला जमतं ते गाडीला का नाही जमणार? तू पाइप धर." डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती ऊब आत सोडतो. तोच तुंबला होता. इंजिन पार गार आहे हे हात लावून बघितल्यावरच तिने त्याच्या दोन्ही नळ्या सोडवल्या. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, डब्यात धरून लगेच झाकण लावलं, कारण ते गोड लागतं आणि मांजराने चाटलं तर मरतं. मग बाहेर जायच्या नळीतून उलटं पाणी. मी नळ पूर्ण सोडणार तेवढ्यात ती खेकसली, "अगं हळू! आतला पत्रा नाजूक असतो. फुटला तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागेल!"

दुसऱ्या नळीखाली बादली, आणि बादलीवर अर्थातच पांढरा टॉवेल. दुसरं कुणी असतं तर पाणी सरळ बादलीत सोडून सुखात राहिलं असतं. आधी तपकिरी गाळ आला. मग टॉवेलवर चंदेरी कण जमले. तिने ते बोटांत चोळले. "गंज असा चमकत नाही," म्हणाली.

टॉवेल घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो. त्याने एका नजरेत ओळखलं. "रेडिएटरची गळती बुजवायची पूड आहे ही. जास्त झाली की हीटर तुंबतो. विकायच्या आधी टाकतात लोक. कुणी फसवलं तुम्हाला?"

ती टॉवेल गुंडाळून चालायला लागली. मला मात्र तिच्या भावाला आमच्या सगळ्यात मोठ्या मशीनमध्ये घालून फिरवावंसं वाटलं.

परत येऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं, नळ्या जोडल्या, नवं कूलंट भरलं, अडकलेली हवा काढली. सोमवारी तिच्या आईला घेऊन निघालो, मी मागच्या सीटवर. गाडी छान उबदार झाली. म्हातारीने शाल काढली आणि कौतुकाने म्हणाली, "केलं ना शेवटी माझ्या लेकाने?"

"मी केलं, आई. त्याने गळकी गाडी माझ्या गळ्यात मारली होती. पूड टाकून."

आईने खिडकीबाहेर नजर वळवली. मग म्हणाली, "माहीत आहे मला. त्याने टाकली तेव्हा मी तिथेच होते. त्याला गाडी खपवायची होती. आणि तू काय, कसंही निभावून नेतेस."

"आणि सगळा हिवाळा तू कुडकुडत बसलीस? एक शब्द नाही बोललीस?"

"बोलले असते तर त्याचं नाव आलं असतं."

वाफबाईने गाडी कडेला घेऊन थांबवली. भावाचं कळलं तेव्हा ती रडली नव्हती. आता मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

"माझ्यासाठी सोसली असतीस गं एवढी थंडी?"

आईने शाल घडी करून मांडीवर ठेवली. "चल, उशीर होतोय," म्हणाली.