दोघींचं औषध

शाहिदाच्या मुलाचा, इम्रानचा, फोन आला तेव्हा मी घरी रक्तदाब मोजत बसले होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला. यंत्राचा पट्टा दंडावर आवळत गेला, मग सैल पडला... आकडा मी पाहिलाच नाही.

आमची ओळख आजारातली. दोघींच्याही गर्भाशयाचा कॅन्सर ऑपरेशन, किमो होऊनही परतला होता. अमरावतीच्या एका दवाखान्यात त्यासाठी दोन औषधं एकत्र देऊन बघण्याची चाचणी सुरू होती. एक गोळी रोज घरी घ्यायची, दुसरं औषध दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. मी अमरावतीचीच, निवृत्त शिक्षिका. ती अकोल्याहून यायची. तिथे तिचं बांगड्यांचं दुकान. पहिल्याच भेटीत माझं मनगट हातात घेऊन म्हणाली, "बाई, केवढ्या सैल बांगड्या घातल्या! पुढच्या खेपेले मापाच्या आणतो." आणल्याही.

गोळीने आमचे तळहात सोलवटले. माझं त्यामुळे काही अडलं नाही. ती मात्र गिऱ्हाइकाचा हात दाबून बांगडी चढवायची तेव्हा पाणी तिच्याच डोळ्यांत यायचं. डॉक्टरांना ती हे सांगायची नाही, गोळी कमी करतील म्हणून. "दुखते म्हणजे आत औषध काम करून राह्यलं," म्हणायची. मलाही ते खरं वाटायचं.

दोघींचे स्कॅन एकाच दिवशी झाले. माझी गाठ निम्म्याहून लहान झाली होती. तिचा आजार यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी तिला चाचणीतून काढलं. बाहेर बाकावर बसल्यावर तिने आधी माझ्या पाठीवरून हात फिरवला... मग विचारलं, "बाई, तुमी गोळी कायच्यासंग घेत होत्या?"

"पाण्यासोबत."

"मीबी पाण्यासंगच घेत होती," ती म्हणाली.

नंतर मी अकोल्याला तिच्या घरी गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आता येऊ नका बाई. तुमाले पाह्यलं का मले राग येते. तुमचा नाही... पण येते." इम्रान ओशाळला. मी उठले. पुन्हा गेले नाही.

माझं औषध अजून सुरू आहे. परवा सलाइन लावलं तेव्हा शेजारच्या खाटेवर दर्यापूरची एक नवी बाई होती, सोबत सून. "ताई, हे औषध लागू पडते काय हो?" तिने विचारलं.

"मला पडलं."

"पाह्य वं, ताईले लागू पडलं!" ती सुनेला म्हणाली. सुनेने मला हात जोडले. ती खाट आधी शाहिदाची होती, हे मी सांगितलं नाही.