गवतात खुर्ची टाकून बसणारी ओटिलियाकाकू

ओटिलिया होखहाल्टरच्या तोंडाचा पट्टा सगळ्या काउंटीत प्रसिद्ध. चर्चच्या तळघरात सूप वाढता वाढता ती एका दमात कुणाचं लग्न जुळवायची, कुणाचं मोडायची. नवरा रेनहोल्ड मुलखाचा अबोल. तो समोर बसून नुसता ऐकायचा.

डाकोटाच्या उघड्या माळावरची त्यांची जमीन सरकारच्या गवत योजनेत होती. नांगरायचं नाही, गवत वाढू द्यायचं. त्याबद्दल सरकार दरवर्षी भाडं देतं. फाळ लागला, तर आजवरचं सगळं भाडं व्याजासकट परत. मला हा प्रकार कधीच पटला नाही, पण मी शेतकी कचेरीतला तपासनीस, पगार त्याचाच खातो. रेनहोल्डचे गुडघे गेले तेव्हा काकूनेच त्याला सही करायला लावली. त्यानंतर तो खिडकीशी बसून गवताकडे बघत राहायचा.

तो गेला ऐन पेरणीच्या तोंडावर. दफनानंतरची जेवणं उरकून आम्ही तळघरातून वर आलो, तेव्हा बातमी कळली की रेनहोल्डच्या गवतात नांगर फिरलाय. आमच्याकडे असा माणूस गेला की शेजारी न विचारता ट्रॅक्टर नेतात आणि त्याचं रान पेरून देतात. कुण्या शहाण्याने तेच केलं असणार, असं मला वाटलं. काकूचं घर त्या भाड्यावर चालायचं. परतफेड म्हणजे घर विकणं.

मालकाने नव्हे, परक्याने चुकून नांगरलं असेल, तर योजनेत एकदा माफी मिळते. म्हणून मी दारोदार विचारत फिरलो. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. खोटंही नव्हतं ते, सगळे तळघरातच होते. आणि शेतात चाकांचा माग नव्हता, नुसती तासं होती.

दुसऱ्या दिवशी काकूचा शेजारी आल्विन मेटलर कचेरीत आला. "मीच नांगरलं. लिही."

"आल्विन, तेव्हा तू तळघरात माझ्यासमोर बसून केक हाणत होतास."

"मग खाता खाता नांगरलं. लिही म्हणतो ना."

मी लिहिलं. माफी मिळाली, गवत पुन्हा पेरलं गेलं.

पुढच्या वसंतात संध्याकाळी तपासणीला गेलो, तर काकू गवतात स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून एकटीच बोलत बसलेली.

"काकू, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी म्हणजे? तुझ्या काकांशी."

"चला आत. गारठा आहे."

"आत गेले की हा उठतो. मी बोलत असले की ऐकत बसतो. जिवंतपणी तेच, आताही तेच." मग ती हळूच म्हणाली, "पुन्हा फाळ लागला तर डोक्यावरचं छप्पर जाईल रे. आल्विन तरी किती वेळा केक खाणार?"

मी हसलो. तिने कॉफीचा घोट घेतला. तेवढ्यात मागे गवताखालची ओली माती फाटल्याचा आवाज आला. वारा अजिबात नव्हता. काकू घाईने पुन्हा बोलू लागली आणि आवाज थांबला. ऐकलं ते मी कचेरीत कळवलं नाही. कळवणार तरी काय?

त्यानंतर दर वसंतात ती तिथे बसत आली. यंदा तिला झटका आला आणि वाचा गेली. इस्पितळात भेटायला गेलो, तर माझा हात घट्ट धरून तिने खिडकीबाहेर माळाकडे बोट दाखवलं. डोळ्यांत नुसती भीती होती.

मी जाऊन तिच्या खुर्चीत बसलो. मला कुठलं बोलता येतं? गव्हाचा भाव सांगितला, पाऊस सांगितला, आल्विनच्या कुरबुरी सांगितल्या. समोरचं गवत स्तब्ध होतं. बोलणं संपलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "काका, काकूची वाचा गेलीय. ती आता घरी येईलसं वाटत नाही."

गवत हललं. माती फाटली नाही. गवतात एक सरळ रेघ उठली, अगदी माझ्या अंगाला लागून गेली, कुंपण ओलांडून शहराच्या रस्त्याला लागली, इस्पितळाच्या दिशेने.

जमीन वाचली होती, पण तो आता काकूला न्यायला निघाला होता. मी मोठमोठ्याने हाका मारून त्याला परत बोलावत होतो, पण तो माझं कशाला ऐकेल?