दुपट्ट्याची गाठ

वाडीच्या ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या मयुराची एक युक्ती आजूबाजूच्या साऱ्या गाड्यांवर पसरली होती आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. का नसावा? भिवापूरला आईशेजारी बसून मिरच्यांचे देठ खुडत वाढलेली पोरगी, वाडीत भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, आणि तिच्या नावाने कोणी काही करतं म्हणजे काय थोडं झालं!

त्याचं असं झालं. रामदासपेठेतल्या एका गारेगार हॉलमध्ये ॲम्ब्युलन्सवरच्या लोकांचं प्रशिक्षण झालं. छातीत सळाख किंवा सुरा घुसला की त्या भोकातून दर श्वासाला बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुसाभोवती साचते, आणि फुप्फुसाला फुलायला जागाच उरत नाही. म्हणून भोकावर चिकट चकती लावायची. तिच्या मधोमध बारीक झडप असते. आतली हवा बाहेर सोडते, बाहेरची आत येऊ देत नाही. प्लास्टिकच्या पुतळ्यावर चकती अशी बसली की काढताना नखं लागली. पण पुतळ्याला घाम येत नाही ना! मे महिन्यात गोदामात माल उतरवणाऱ्याच्या छातीवर तीच चकती तापल्या तव्यावरच्या तुपासारखी घसरते. तक्रार केली तर वरून उत्तर आलं, 'पुसून लावा.' जसं काही हे पुसतच नव्हते.

मग मयुराने शक्कल काढली. चकती लावायची आणि वरून दुपट्टा आवळून बांधायचा. इकडच्या पुरुषाच्या खांद्यावर दुपट्टा नाही असं सहसा होत नाही, त्यामुळे पट्टी जागच्या जागी हजर. पहिल्या खेपांना रस्ता मोकळा मिळाला, माणसं वाचली, बोलबाला झाला. 'मयुराची गाठ' म्हणून इतर गाड्यांवरचे लोकही तसंच बांधू लागले. झडपेवर दुपट्टा आला तर तिचं काय होईल, हे कोणीच विचारलं नाही. मयुरानेही नाही.

त्या दुपारी एका गोदामात सळाखींचा गठ्ठा सुटला आणि एक सळाख माल उतरवणाऱ्या अंकितच्या बगलेखाली घुसली. घाबरलेल्या सोबत्यांनी ती ओढून काढली होती. अंकितचे वडील गणपतराव तिथेच कामाला. मयुराने चकती लावली, त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला आणि दोघांनी मिळून गाठ मारली. पोराचा श्वास जरा बरा झाला. गणपतराव सोबत चढले आणि गाडी निघाली.

आणि नाक्यावर अडकली. पुढे एक ट्रेलर आडवा बंद पडला होता. मागे ट्रक, दोन्ही बाजूंना ट्रक; दार उघडायचं म्हटलं तर बोटभर फट. ड्रायव्हर कवडूभाऊ भोंगा वाजवून वाजवून थकले. "म्याडम, मुंगीले जायले जागा नाही," ते पुढून ओरडले. आत उकाडा, रक्ताचा वास आणि एका बापाची नजर. त्या नजरेपासून तर कुठेच सुटका नव्हती.

अंकितचा श्वास पुन्हा वाढला. भोकातून हवा आत जात असेल, असं मयुराला वाटलं आणि तिने गाठ आणखी आवळली. पोराचे ओठ काळे-निळे पडले. गळ्याच्या शिरा तटतटल्या. बोटावरच्या यंत्रातला आकडा उतरत चालला. तिने ऑक्सिजन वाढवला. काही फरक नाही. हा पोरगा इथेच, तिच्या हातात जाणार होता.

अंकितचा हात सारखा दुपट्ट्याकडे जात होता. त्याच्या बोटांमागे तिची नजर गेली. छातीची ती बाजू फुगून ताठ झाली होती, हलतच नव्हती. हवा आत कोंडली होती. झडप दुपट्ट्याखाली, आणि गाठ तिने मारलेली.

ती गाठ सोडायला वाकली तशी गणपतरावांनी तिचं मनगट पकडलं.

"काहून सोडून राहिली वं? जीव निंघून जाईन त्याचा!"

"काका, हात सोडा. त्याले श्वास घेता नाही येऊन राहिला."

"बांधल्यानंच तर टिकला तो! तूच बांधलं ना?"

"मीच बांधलं. चुकलं माझं."

हे ऐकून त्यांची पकड सैल होईल असं तिला वाटलं होतं. ती घट्ट झाली. चुकणाऱ्या बाईच्या हाती कोणता बाप पोरगं देईल? बोलून उपयोग नव्हता. तिने मोकळ्या हाताने कात्री उचलली आणि दुपट्टा कापला. झडपेवर रक्त साकळलं होतं. तिने चकतीची कड उचलली, आणि सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी आतली हवा फुस्सकन बाहेर आली.

अंकितने ओढून श्वास घेतला. मग दुसरा. गणपतरावांची पकड सुटली.

तिने कड पुसून पुन्हा दाबली, झडप पुसून मोकळी ठेवली आणि चकतीच्या कडांवर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून ती गुडघ्यांवर बसून राहिली. ट्रेलर हलेपर्यंत तिला हलता येणार नव्हतं. श्वास पुन्हा कोंडला की कड उचलायची, मोकळा झाला की दाबायची. पायांना मुंग्या आल्या, मनगटावर बापाच्या बोटांचे वळ उठले. बाकीच्या गाड्यांवर या घडीला कोणी तीच गाठ मारत असेल, हा विचार तिला जाळत होता. "कवडूभाऊ," तिने पुढे हाक मारली, "सगळ्या गाड्यांले फोन लावा. म्हणा, मयुरा सांगते, दुपट्टा बांधू नका."

"काहून म्हणून विचारतीन ना म्याडम. काय सांगू?"

"म्हणा, तिच्या हातून पोरगा मरता मरता वाचला."

कवडूभाऊ फोन लावत राहिले. प्रत्येकाला तेच वाक्य, मोठ्याने. ते संपेपर्यंत मयुराने मान वर केली नाही. केली तेव्हा गणपतराव तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी आपले दोन्ही तळहात सदऱ्याला पुसले आणि पुढे केले.

"तुह्ये हात भरून आले असतीन, बाई," ते म्हणाले. "कुठं दाबाचं, मले दाखव."