आबांच्या अंगावर झेंडा का नव्हता

आबांवर झेंडा टाकू दिला नाही, ती मीच.

सकाळपासून फोन येतायत. पक्षवाले विसरले का? घरच्यांचं काही बिनसलं का? ग्रुपवर काहीबाही फिरायच्या आधी, झालं ते जसंच्या तसं लिहिते.

माझे आजोबा, कर्जत-खालापूरचे बॅरिस्टरसाहेब, काल पहाटे गेले, दहिवलीच्या घरीच.

विलायतेत बॅरिस्टर झाले, मुंबईत हायकोर्टात प्रॅक्टिस चांगली चालली होती. पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीच्या जमिनीची केस लढायला आले आणि इथलेच झाले. केस जिंकल्यावर वाडीतली माणसं म्हणाली, आता उभे राहा.

दोनदा आमदार झाले. मग पक्षाशी वाजलं, पक्षानं काढलं. दुसऱ्या पक्षात गेले, तिथून हरले. शेवटी तोही सोडला.

दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. आबांनीच घरी शिकवलं. भावाची तक्रार घेऊन गेले की म्हणायचे, "आधी त्याचं म्हणणं सांग. तो 'बरोबर' म्हणाला, की मग तुझं."

सभेतही तेच. शेवटच्या निवडणुकीत, कुंभिवलीच्या सभेत त्यांनी विरोधी उमेदवाराची बाजू इतकी नीट मांडली की त्याच्याच माणसांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, ह्ये कोर्ट नाय. तुमची बाजू यायच्या आधी लोक वडापाव खायला उठले."

आबा हसत राहिले. सीट गेली.

गेल्या आठवड्यात मी औषध देत होते तेव्हा म्हणाले, "मी गेल्यावर दोन्ही पक्ष झेंडे घेऊन येतील. एकही नको."

"लिहून ठेवूया का, आबा?"

"एवढ्यासाठी काय लिहायचं? तू आहेस ना."

खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

आणि काल दोघंही आले. पहिल्या पक्षाचे नानाकाका. दुसऱ्याचे सलीमचाचा. अंगणात दोन्हीकडची माणसं समोरासमोर. ढकलाढकलीत तुळशीजवळची कुंडी फुटली. बाबा नुसते उभे होते.

"साहेबांना आमदार कोनी केला? आमी," नानाकाका म्हणाले.

"आनि तुमी काढल्यावर कोन होता त्यांच्याबरोबर?" सलीमचाचांचा आवाज चढला.

मी पायरीवर जाऊन उभी राहिले.

"आधी तुमचं सांगते. नानाकाका, तुम्ही आबांसाठी वाडीवाडी पायी फिरलात. तुमच्यावाचून ते आमदार झाले नसते. बरोबर?"

"बरोबर हाय."

"सलीमचाचा, आबांचा फोन कोणी उचलत नव्हतं तेव्हा तुम्ही त्यांना गाडीत घालून गावोगाव नेलंत. बरोबर?"

चाचांनी मान डोलावली.

"आता माझं. आबा मला म्हणाले, एकही झेंडा नको. साक्षीदार नाही. मी खोटं बोलतेय असं वाटत असेल तर आत्ता, तोंडावर म्हणा."



मागून एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, असं तोंडी कसं चालंल?"

 

नानाकाका त्याच्याकडे वळले. "गप रं. तिला खोटंच बोलायचं असतं तर साक्षीदार पन आनला असता तिनं."

त्यांनी झेंड्याची घडी घातली. चाचांनी आपला झेंडा मागच्या माणसाच्या हातात दिला.

"खांदा तरी देऊ देशील ना गं?" नानाकाकांनी विचारलं.

"द्या ना काका. दोघांनीही द्या."

पुढचे दोन खांदे त्या दोघांचे. नानाकाका ठेंगणे, चाचा उंच. तिरडी कलायला लागली तसे चाचा गुडघ्यात वाकून चालू लागले. या वयात. वाटेत कोणी खांदा बदलायला पुढे आलं की दोघंही मान हलवून नको म्हणायचे.

आबा, तुमचं म्हणणं सगळ्यांपर्यंत पोचवलं.

सावकाश जा.